ओझ्याचा जादूगार

शाळेत चित्रकलेच्या मास्तराला वेळच वेळ असतो, असा बाकीच्यांचा ठाम समज असतो. फळ्यावरचा सुविचार, दारातली रांगोळी, पाहुण्यांच्या नावाचा फलक, इलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं, सगळं त्याच्याच गळ्यात. गेल्या डिसेंबरात त्यात नाटकाची भर पडली. एरवी नाटक मराठीच्या बाई बसवतात. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि बैठकीत मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ठराव मंजूर.

आमची शाळा नाशिकच्या पंचवटीत. मराठी माध्यम, अनुदानित, पटांगणात एक चिंच आणि एक सिमेंटचा ओटा. त्या ओट्यालाच आम्ही रंगमंच म्हणतो. स्नेहसंमेलनात दरवर्षी एक ऐतिहासिक नाटिका असते आणि एक पर्यावरणाची, जिच्यात झाड बोलतं. मला बोलणारं झाड नको होतं.

माझ्याकडे एक पुस्तक आहे. अमेरिकेतल्या एल. फ्रँक बॉम यांनी १९०० साली लिहिलेलं, ऑझच्या जादूगाराचं. मी त्याच्या प्रेमात पडलो ते गोष्टीमुळे नाही, डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लोच्या चित्रांमुळे. जाड, मोजकी रेषा. आणि रंगाची गंमत अशी की गोष्ट ज्या मुलखात शिरेल त्या मुलखाचा रंग पानावर उतरतो. कॅन्ससच्या माळावर करडा, पुढे निळा, पाचूनगरीत हिरवा. कमी रंगांत काम कसं भागवावं हे मी वर्गात याच चित्रांवरून शिकवतो.

तर मी सातवी-आठवीच्या निवडक मुलांना बसवलं आणि सांगितलं, आपण ऑझचा जादूगार करायचा.

मागून आवाज आला, "ओझ्याचा?"

"ऑझचा. तो एक देश आहे."

"कसलं ओझं, सर?"

"दप्तराचं!" दुसरं कुणीतरी. मग जे हसणं सुरू झालं ते तास संपेपर्यंत. मी फळ्यावर 'ऑझ' असं तीनदा लिहिलं, ऑला चंद्र काढून दाखवला. काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर नाटकात भाग घेणाऱ्यांची यादी लागली, तिच्यावर एका मुलीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ओझ्याचा जादूगार. मी ती यादी काढायला गेलो आणि तसाच उभा राहिलो. माझ्या डोक्यातल्या नावापेक्षा हे नाव चांगलं होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं. मास्तराला हे पचायला एक रात्र लागते. मला दोन लागल्या.

(मुलांची नावं इथं देत नाही. तशीही आता शाळेत त्यांना नाटकातल्या नावानंच हाक मारतात.)

मूळ गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. डोरोथी नावाची मुलगी आणि तिचा कुत्रा टोटो चक्रीवादळात घरासकट उडून भलत्याच देशात पडतात. घरी परतायचं तर जादूगाराला गाठायला हवं. वाटेत बुजगावणं भेटतं, त्याला मेंदू हवा असतो; पत्र्याचा माणूस भेटतो, त्याला काळीज हवं असतं; सिंह भेटतो, त्याला धीर हवा असतो. मुलांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकेक वीट काढायला सुरुवात केली.

पहिली वीट चक्रीवादळाची. "सर, नाशिकात वादळानं घर कुठं उडतं? पुरात जातं."

मला थोडी धाकधूक होती, की आपण मोठ्या लेखकाच्या गोष्टीला फारच हात लावतोय. ती गेली ती एक गोष्ट आठवल्यावर. याच पुस्तकावर १९०२ साली शिकागोत संगीत नाटक झालं, आणि त्यात कुत्रा नव्हताच. त्याच्या जागी इमोजेन नावाची गाय होती! बॉम हयात असताना त्यांच्याच गोष्टीतला कुत्रा रंगमंचावर गाय होऊ शकतो, तर आमच्या पुराला कोण अडवणार? कुत्र्याची आम्ही शेळी केली. का, तर शेळी करणाऱ्या मुलीला शेळीचा आवाज फार हुबेहूब काढता यायचा. नाटकात याहून मोठं कारण लागत नाही.

पूर कसा दाखवायचा यावर मात्र आम्ही चार दिवस घालवले. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो; 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे घाटावर. आणि पूर मोजायचा तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे पेपरात येतं, पण पंचवटीतला माणूस विचारतो, "मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर या मुलांनी लहानपणी पाहिलेला, त्यामुळे कुणाला काही समजावावं लागलं नाही.

माझ्या मनात पुठ्ठ्याचा मोठा मारुती होता. थर्माकोलला तर २०१८ पासून बंदीच आहे. पण एक मुलगा म्हणाला, "सर, दोन पोरं पाठीला पाठ लावून उभी करा ना." झालं. एक उंच, एक बुटका, दोघांच्या हातात गदा. मंडपवाल्याकडून निळ्या कापडाचा तागा आणला, दोन्ही बाजूंना आठ-आठ मुली. त्यांनी कापड घोट्यापासून हळूहळू वर न्यायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "गुडघ्याला आलं! कमरेला आलं!" बुटक्याच्या गळ्याला पाणी आलं की उंचाच्या छातीलाच असायचं. त्यावरून त्या दोघांत दर तालमीला भांडण. मी म्हटलं, उंचानं जरा वाकून उभं राहा. तो म्हणाला, "मारुती वाकत नाही, सर." यावर काय बोलणार?

पुरात नारोशंकराच्या देवळातली घंटाही हवीच होती. आमच्या शाळेचा पितळी टोला शिपाईमामा कुणाला हात लावू देत नाहीत, म्हणून ते स्वतःच विंगेत उभे राहिले. प्रयोगाच्या वेळी त्यांनी तो इतका जीव तोडून वाजवला, की पुढच्या रांगेतली पहिलीची पोरं शाळा सुटली समजून उठली.

आमची डोरोथी म्हणजे गोदा. ती राहते घाटावर मावशीच्या चहाच्या टपरीत. पूर येतो, टपरी उचलली जाते, गोदा आणि शेळी भलत्या गावात जाऊन पडतात. त्या गावात प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी आहे आणि ते खाली ठेवायची कुणाची हिंमत नाही. नायिकेचं नाव आधी द्वारका ठरलं होतं, डोरोथीला जवळचं म्हणून. पण नाशिकात 'द्वारका' म्हटलं की लोकांना फक्त त्या नावाच्या चौकातलं ट्रॅफिक आठवतं. पहिल्या तालमीतच कुणीतरी हॉर्न वाजवला. नाव बदललं.

मूळ पुस्तकात मुलीला चांदीचे बूट मिळतात. लाल बूट आले ते पुढे १९३९ च्या सिनेमात. चांदी म्हटल्यावर आमच्याकडे प्रश्नच नव्हता. पुरात सराफ बाजारात पाणी शिरतं, तिथून चांदीच्या चपला वाहत येतात आणि एका झारेकऱ्याला गाळात सापडतात. झारेकरी म्हणजे सराफ बाजारातली माती, गटारातला गाळ चाळून सोन्याचांदीचे कण वेचणारी माणसं. अर्ध्या मुलांना हा शब्द माहीत नव्हता, उरलेल्या अर्ध्यांनी त्यांना समजावून सांगितला. मी गप्प बसून ऐकलं. चपला कोल्हापुरी होत्या, माझ्याच, जुन्या, चंदेरी रंग मारलेल्या. गोदाला तीन नंबर मोठ्या.

पिवळ्या विटांची वाट आयांनी दिली. हळदीच्या समारंभात नेसलेली पिवळी साडी प्रत्येक घरात एक तरी असतेच आणि पुन्हा कुणी ती नेसत नाही. अकरा साड्या जमल्या. टोकाला टोक बांधून ओट्यावरून थेट प्रेक्षकांत सोडल्या. मध्येच आठवीतल्या दोघांनी स्वतःच्या डोक्यानं एक पाटी आणून ठेवली: 'सिंहस्थाचे काम सुरू, रस्ता बंद'. संहितेत नव्हती. सगळ्यात मोठा हशा तिलाच मिळाला.

बुजगावणं करणारा मुलगा मखमलाबादचा, घरी द्राक्षबाग. मी त्याला संवाद दिला होता: 'माझ्या डोक्यात नुसता पेंढा भरलाय.' तो म्हणाला, "सर, बागेत आता बुजगावणं नसतं. जाळी असते." मी म्हटलं, असू दे रे, नाटक आहे. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच लिहून आला. त्याचं बुजगावणं बेकार होतं. जाळी आल्यापासून त्याला कुणी शेतात उभं करत नव्हतं, आणि चिमण्यांनाही त्याची दया यायची. 'मला मेंदू नको, मला काम द्या.' मी पेंढ्याचं वाक्य खोडलं.

पत्र्याच्या माणसाचं अंग आम्ही तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांतून केलं. फरसाणवाल्यानं डबे फुकट दिले. सातपूरला वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या एका पालकानं ते कापून, कडा दुमडून दिले, नाहीतर पोरगा रक्तबंबाळ झाला असता. डोक्यावर डेन्स्लोच्या चित्रातल्यासारखं उलटं नरसाळं. माझा हट्ट होता की त्यानं काळीजच मागायचं. मुलांचं म्हणणं, भांड्याला काळीज नसतं, भांड्याला पोचे असतात. तांबटाकडे नेलं की तो ठोकून पोचे काढतो, पण ठोके तर खावे लागतात! 'पोचे काढून हवेत, पण ठोके नकोत', हे त्याचं दुखणं. मतदान घेतलं. मी आणि शेळी एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. हरलो. खरं सांगायचं तर आजही मला काळीज हवं होतं असंच वाटतं.

सिंहाचा बिबट्या झाला यात काही विशेष नाही. नाशिकात सिंह कुठून आणणार? बिबट्या मात्र उसातून निघतो आणि थेट कॉलनीत येतो. आमचा बिबट्या भित्रा होता आणि त्याच्या भीतीचं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं: 'मी नुसता पाणी प्यायला आलो होतो. चारशे माणसं गच्चीवर चढून व्हिडिओ काढायला लागली.' हे वाक्य आलं तेव्हा समोर बसलेल्या निम्म्या पालकांचे मोबाईल हवेत होते. काहींनी खाली घेतले. काहींनी तेही शूट केलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा तालीम पाहिली आणि जरा चिंतेनं विचारलं, "जादूगार, चेटकीण... २०१३ चा तो जादूटोणाविरोधी कायदा आहे ना?" मी हसलो. म्हटलं, बाई, जादूचे प्रयोग चालतात, नाटकं चालतात, कायदा भोंदूंसाठी आहे. त्या दिवशी मी याची गंमत करून स्टाफरूममध्ये सांगितली.

दोन दिवसांनी चेटकीण करणारी मुलगी तालीम संपल्यावर मागे थांबली. ती पेठ तालुक्यातली, मामाकडे राहून शिकते. म्हणाली, "सर, मी काम करीन. पण मला डाकीण म्हणायला लावू नका."

"डाकीण कुठं आहे? चेटकीण आहे."

"तेच ते. आमच्या तिकडं एका आजीला म्हणायचे. तिनं काहीच केलं नव्हतं."

एवढंच बोलली आणि दप्तर उचलून गेली. मी पुढचं विचारलं नाही. मी स्टाफरूममध्ये ज्या कायद्यावर हसलो होतो, तो कुणावर करणीचा आळ घेऊन त्याचा छळ करणाऱ्यालाही गुन्हेगार धरतो. हे मला माहीत होतं आणि तरी मी हसलो होतो.

चेटकीण गेली. तिच्या जागी मुकादमीण आली. पुस्तकातल्या चेटकिणीला एकच डोळा असतो, पण तो दुर्बिणीसारखा लांबचं पाहतो. तो आम्ही ठेवला, कारण मुकादमाला तसा डोळा लागतोच. उरला तिचा शेवट. पुस्तकात तिच्या अंगावर बादलीभर पाणी पडतं आणि ती विरघळून जाते. इथं तर सगळा वर्गच उखडला. गंगेच्या पाण्यानं कुणी मरतं का? ज्या रामकुंडावर आख्खा देश डुबकी मारायला येतो, तिथल्या शाळेत पाण्यानं बाई मारायची? मग ठरलं: पाणी पडतं, मुकादमिणीच्या तोंडाचा रंग उतरतो, आणि खालून एक साधी, दमलेली बाई निघते. ती म्हणते, 'कुणीतरी टॉवेल द्या.'

पाणी म्हणून बादलीत चमकीच्या पट्ट्या ठेवायच्या होत्या. प्रयोगाच्या दिवशी गोदानं नळाखाली बादली खरोखर भरून घेतली. विचारलं तर म्हणे, "चमकीनं रंग कसा उतरेल?" डिसेंबरातली नाशिकची रात्र, पटांगणात उघड्यावर. पाणी पडल्याबरोबर मुकादमीण किंचाळली, "अगं आई गं, गार आहे!" आणि मग दात वाजत असतानाही नीट, स्पष्ट म्हणाली, "कुणीतरी टॉवेल द्या." पहिल्या रांगेतून एका आजीनं खरंच अंगावरची शाल काढून दिली. पुढचा सगळा वेळ ती शालीत बसून होती, आणि एकाही प्रेक्षकाला ते चुकीचं वाटलं नाही. मला घरी गेल्यावर तिच्या मामीचा फोन आला. तो मी इथं लिहीत नाही.

आता जादूगार. पुस्तकातली पाचूनगरी हिरवी दिसते, कारण तिथं सगळ्यांना हिरवा चष्मा सक्तीचा असतो, मागून कुलूप लावलेला! ही कल्पना माझी फार लाडकी. रविवार कारंजावरून हिरवा जिलेटिन पेपर आणला आणि पाचवी-सहावीच्या मुलांकडून कार्डशीटचे तीनशे चष्मे करून घेतले. जादूगाराच्या प्रवेशाआधी ते प्रेक्षकांत वाटले. संस्थेच्या अध्यक्षांनीही घातला.

पुस्तकात डोरोथीला जादूगार म्हणून दिसतं ते एक भलंमोठं डोकं; खरा जादूगार म्हणजे पडद्यामागे लपलेला साधा, लबाड माणूस. आमच्या जादूगाराचं डोकं मी केलं. फ्रिजची दोन खोकी जोडून सहा फुटी डोकं, जबडा दोरीनं हलणारा, डोळ्यांत सायकलचे दिवे. दोन आठवडे शाळा सुटल्यावर रंगवत बसायचो. शेंदरी कपाळ, लालभडक ओठ, गालांवर लाल रंगाच्या सात छटा. आयुष्यात केलेलं सर्वांत चांगलं काम, असं मला वाटत होतं. वीस वर्षं रंगसंगती शिकवणाऱ्या माणसाच्या हे डोक्यात येऊ नये, की हिरव्या काचेतून लाल रंग काळा दिसतो. तीनशे प्रेक्षकांनी एकदम चष्मे लावले आणि माझं डोकं काळं ठिक्कर पडलं. मागून एका मुलाचा आवाज: "हे काय, टीव्ही बंद पडला?"

जादूगाराचं नाव शोधताना मी मुलांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली होती. त्र्यंबकचे फाळके सिनेमाच्या आधी जादूचे प्रयोग करायचे, तेही आपलंच आडनाव उलटं करून: प्रोफेसर केळफा. मुलं वेडीच झाली, दिवसभर सगळ्यांची आडनावं उलटी. 'सर' उलटं केलं तर 'रस' होतं, ते रसवंतीचं वाटतं म्हणून बाद. मग 'मास्तर' उलटं केलं. अशा रीतीनं लबाड जादूगाराचं नाव पडलं प्रोफेसर रस्तमा. मी कळूनही न कळल्यासारखं केलं.

रस्तमा करणाऱ्या मुलाचे वडील दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात हमाल. मी त्याला शेवटी बोलायला दीड पानाचं स्वगत लिहून दिलं होतं. शेळीनं पडदा खाल्लाय, जादूगार उघडा पडलाय, आणि आता तो सगळ्यांना सांगतो की तुमची शक्ती तुमच्यातच होती, वगैरे. मुलगा हुशार, पण स्वगत काही पाठ होईना. तिसऱ्या ओळीला अडकायचा. शेवटच्या आठवड्यात मी वैतागलो. "अरे, ओझ्याचा जादूगार ना तू? ओझं उचलताना बाबा काय म्हणतात ते तरी आठवून बोल!"

त्यानं विचार केला. "बाबा काही म्हणत नाहीत, सर. 'हात लाव' म्हणतात."

"म्हणजे?"

"पोतं एकट्याला पाठीवर घेता येत नाही. दोघं चढवतात. मग एकटा नेतो."

मी दीड पान घडी करून खिशात ठेवलं. प्रयोगात पडदा फाटल्यावर त्या काळ्या ठिक्कर डोक्यामागून हाफ पँट आणि बनियनमधला एक मुलगा निघाला. समोर सगळ्यांची ओझी पोत्यांत भरून पडली होती. त्यानं स्वगत म्हटलं नाही. बुजगावण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हात लाव." दोघांनी मिळून पोतं पत्र्याच्या माणसाच्या पाठीवर चढवलं. मग बिबट्याकडे, "हात लाव." मग शालीतल्या मुकादमिणीकडे. ती उठली, एका हातानं शाल धरून दुसरा हात लावला. चष्मे काढा असं प्रेक्षकांना सांगायचं मी विसरलो होतो, पण तोवर बऱ्याच जणांनी काढले होते.

नाटक संपल्यावर विंगेत हीऽऽ गर्दी. मी साड्यांच्या गाठी सोडत बसलो होतो. रस्तमाचे वडील आत आले, कामावरून तसेच, डोक्याचा रुमाल हातात. मला नमस्कार केला. मला वाटलं, आता दोन शब्द बोलतील. त्यांनी कोपऱ्यातलं पोतं एका हातानं उचलून पाहिलं. आत रद्दी होती, जेमतेम तीन किलो.

"पाय वाकवला नाहीस तू," ते मुलाला म्हणाले. "पन्नास किलो असतं तर कंबर गेली असती."

"नाटक होतं ना, बाबा."

"असू दे. ये इकडं."

शिपाईमामा मंडपातले दिवे एकेक करून मालवत होते. वडिलांनी रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला, वाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, जरा हात लावता?"